वंडरवॉल आणि आबाजींची सनई

बऱ्याच दिवसांपासून हे लिहायचं होतं. दर वेळी सुरुवात करायचो आणि अडायचो. कारण इथे येणारे वाचक दोन प्रकारचे. अर्धे मित्र, ज्यांना बीटल्सची एकेक रेकॉर्ड पाठ आहे पण आमचे आबाजी माहीत नाहीत. आणि अर्धे नातेवाईक, ज्यांना आबाजी चांगलेच पाठ आहेत पण बीटल्स म्हणजे झुरळाच्या जातीचं काहीतरी वाटतं. (चुलत आत्या, तुम्हाला उद्देशूनच आहे हे. राग नसावा!) आज दोघांनाही पुरेल असं लिहिण्याचा प्रयत्न करतो. मित्रांनी आबाजी सहन करावेत, नातेवाइकांनी जॉर्ज हॅरिसन.

सुरुवात अमरावतीच्या हॉस्टेलपासून. साल १९९७. माझ्या रूम पार्टनरकडे ओॲसिस नावाच्या इंग्लिश बँडची कॅसेट होती आणि तिच्यात 'वंडरवॉल' नावाचं गाणं होतं. १९९५ साली आलेलं हे गाणं तेव्हा सगळीकडे वाजत होतं. गिटार शिकणारा प्रत्येक पोरगा पहिल्यांदा तेच वाजवायचा. मला प्रश्न पडला की 'वंडरवॉल' म्हणजे काय? शब्दकोशात मिळेना. पुष्कळ दिवसांनी एका मासिकात वाचलं की हे नाव मुळात जॉर्ज हॅरिसनच्या एका रेकॉर्डवरून उचललेलं आहे. रेकॉर्डचं नाव 'वंडरवॉल म्युझिक', साल १९६८. आणि त्याच लेखात एक वाक्य होतं, ज्याने मी ताडकन उठून बसलो. त्यातला अर्धा भाग मुंबईत रेकॉर्ड झाला होता.

मुंबईत! म्हणजे माझ्यासारख्या यवतमाळच्या पोराला, ज्याला हे सगळं संगीत सातासमुद्रापलीकडचं वाटायचं, त्याला कळलं की ते आपल्या राज्याच्या राजधानीत, फोर्टमधल्या एका ऑफिसच्या इमारतीत तयार झालंय.

ती रेकॉर्ड हाती यायला मात्र २००३ साल उजाडलं. तोवर मी पुण्यात नोकरीला लागलो होतो. एका मित्राच्या भावाने लंडनहून सीडी आणली होती. मित्राने तिची कॉपी करून दिली आणि आतल्या पुस्तिकेची झेरॉक्स पण दिली. ती झेरॉक्स महत्त्वाची आहे, तिच्याकडे नंतर येतो.

आधी नातेवाइकांसाठी थोडक्यात. बीटल्स हा लिव्हरपूलच्या चार पोरांचा बँड. जॉर्ज हॅरिसन त्यांच्यातला सगळ्यात लहान आणि सगळ्यात कमी बोलणारा. १९६५ च्या सुमारास त्याला सतारीचं वेड लागलं, १९६६ साली तो पंडित रविशंकरांचा शिष्य झाला आणि शिकायला मुंबईला आला. ताजमहाल हॉटेलात उतरला, पण लोकांना पत्ता लागला, गर्दी जमली आणि शेवटी गुरू-शिष्यांना काश्मीर गाठावं लागलं.

१९६७ च्या अखेरीस जो मॅसॉट नावाच्या दिग्दर्शकाने त्याला 'वंडरवॉल' या सिनेमाचं संगीत करायला सांगितलं. सिनेमा जरा विचित्र आहे. एक एकलकोंडा शास्त्रज्ञ दिवसभर सूक्ष्मदर्शकात जंतू पाहतो. घरी आल्यावर त्याला भिंतीतल्या भोकातून शेजारच्या तरुणीचं जग दिसतं आणि तो त्या भिंतीपायी खुळा होतो. सिनेमात संवाद अगदी मोजके, त्यामुळे संगीताला रान मोकळं. जॉर्जला पूर्ण स्वातंत्र्य होतं. त्याने स्टॉपवॉच घेऊन एकेक प्रसंग मोजला आणि तेवढ्याच लांबीचे तुकडे बांधले.

आता माझ्या मित्रांपैकी कोणीतरी म्हणणारच, की ही काही प्रोग्रेसिव्ह रॉकची रेकॉर्ड नाही. मान्य. ज्याला आपण प्रोग्रेसिव्ह म्हणतो तो प्रकार खऱ्या अर्थाने उभा राहिला १९६९ साली किंग क्रिमसनच्या पहिल्या रेकॉर्डनंतर, आणि पिंक फ्लॉइडचं 'डार्क साइड ऑफ द मून' आलं १९७३ साली. पण त्या प्रकारची मूळ कल्पना काय? तर तीन-तीन मिनिटांची सुटी गाणी विकण्याऐवजी पूर्ण रेकॉर्ड एकच गोष्ट सांगेल अशी बांधायची. आपल्या कीर्तनासारखं म्हणा ना. मधूनच उठून गेलात तर काही हाती लागणार नाही. 'वंडरवॉल म्युझिक'मध्ये एकोणीस तुकडे आहेत. कित्येक तर दीड-दोन मिनिटांत संपतात. त्यात शब्दांची गाणीच नाहीत. शेवटच्या तुकड्यात ओंकार तेवढा ऐकू येतो. सनई संपते तिथे इंग्लिश पियानो सुरू होतो, सरोद संपते तिथे घोड्यांच्या टापांची गंमत. एक तुकडा सुटा काढून ऐकला तर माणूस म्हणेल, हे काय आहे? सलग ऐकलं तर भिंतीच्या दोन्ही बाजू दिसतात.

असो. आता आबाजी.

आबाजी म्हणजे माझे आजोबा. आमचं मूळ गाव दारव्हा तालुक्यातलं. आमच्या घरात सनई होती. आबाजी, त्यांचे वडील, त्यांचे काका, सगळे लग्नांतून सनई वाजवायचे. बरोबर एक सूर धरणारा आणि दोन डफडेवाले. शकुंतला रेल्वेने (जी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालायची आणि आता बंद पडली आहे) दारव्ह्याहून कारंजा, मूर्तिजापूरपर्यंत वाजवायला जायचे. सत्तरच्या दशकात बँड पार्ट्या आल्या, ट्रंपेट आले, लाउडस्पीकर आले. लोकांना सनई म्हाताऱ्या माणसांची वाटायला लागली. आबाजींनी सनई लाल फडक्यात गुंडाळून लोखंडी पेटीत ठेवली आणि जिनिंगमध्ये हमालीला लागले. माझ्या जन्माआधीची गोष्ट. मी त्यांना कधीच वाजवताना ऐकलं नाही.

२००३ च्या दिवाळीत मी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने यवतमाळला आलो. सकाळी आंघोळ-फराळ झाला आणि मी उगाच शायनिंग मारायला म्हणून बाबांच्या नव्या सीडी प्लेअरवर ही सीडी लावली. आबाजी दारात खुर्ची टाकून बसले होते. तेव्हा ऐंशीच्या घरात असावेत.

पहिला तुकडा आहे 'मायक्रोब्ज'. म्हणजे सूक्ष्मजंतू. तो सुरू होतो सनईने. दुसरं काही नाही, प्रस्तावना नाही. संथ, जड, जरा उदासच. मला वाटलं होतं आबाजींना हा आवाज कळायचा नाही, रेकॉर्डिंग जुनं, त्यात स्पीकर स्वस्तातला. पण ते खुर्चीसकट वळले.

"काय लावलं बे हे?"

"इंग्रजी रेकॉर्ड आहे आबाजी."

"इंग्रजी कायची? सनई हाये ते." थोडा वेळ ऐकलं. "दोघं हायेत. एक सूर धरून हाये, दुसरा खेळून राह्यला." मग आणखी थोडं ऐकून म्हणाले, "पन कोनाच्या मयतीचं वाजवून राह्यले हे?"

आई स्वयंपाकघरातून हसली. मी सांगायला लागलो की तो एक शास्त्रज्ञ आहे, तो जंतू बघतो आहे... त्यांनी हातानेच गप्प केलं. तुकडा संपला आणि दुसऱ्याचा पियानो सुरू झाला तेव्हा वैतागून म्हणाले, "हा कोन मधातच? पहिलंच लाव पुन्हा."

पहिलंच पुन्हा लावलं. चार वेळा. चौथ्या वेळी त्यांची बोटं गुडघ्यावर चालत होती, हे मी स्वतः पाहिलं आहे. मग विचारलं, "वाजवून कोन राह्यले?"

मी झेरॉक्स काढली. बारीक अक्षरांत वाद्यांची नावं आणि वाजवणाऱ्यांची नावं होती. सनईसमोर शरद आणि हनुमान. हनुमानचं आडनाव छापलं होतं 'जादेव'.

"शरद आणि हनुमान जादेव," मी वाचलं.

"जादेव?" आबाजी म्हणाले. "असं आडनाव असते काय कुठं? जाधव असन तो."

मी पुन्हा पाहिलं. इंग्रजीत तसंच होतं. आबाजींना इंग्रजी तर सोडाच, मराठीही जेमतेम वाचता यायचं. पण मुंबईतला सनईवाला, नाव हनुमान, आणि आडनाव जादेव... त्यांना पटण्यासारखं नव्हतंच. खरं सांगायचं तर मलाही तेव्हापासून पटलेलं नाही. कोणीतरी विचारलं असेल, त्या माणसाने 'जाधव' सांगितलं असेल, लिहिणाऱ्याच्या कानाला जे ऐकू आलं ते कागदावर गेलं, आणि मग लंडनमध्ये तेच हजारो कव्हरांवर छापलं गेलं.

त्या दिवसापासून मी या रेकॉर्डच्या मागे लागलो. मिळेल ते वाचत गेलो. त्यातलं नक्की झालेलं इथे मांडतो.

लंडनचा भाग नोव्हेंबर १९६७ मध्ये सुरू झाला. त्यात रेमो फोर नावाचा लिव्हरपूलचाच बँड होता आणि जॉन बरहम हा पियानिस्ट होता, जो स्वतः रविशंकरांबरोबर काम केलेला. एरिक क्लॅप्टननेही एका तुकड्यात गिटार वाजवली, पण खोटं नाव घेऊन! मग जानेवारी १९६८ च्या दुसऱ्या आठवड्यात हॅरिसन मुंबईला आला. वय चोवीस.

रेकॉर्डिंग झालं फिरोजशहा मेहता रोडवरच्या युनिव्हर्सल इन्शुरन्स बिल्डिंगमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत. हा स्टुडिओ ऑफिसांच्या इमारतीत होता, आवाज अडवायची सोय बेताचीच. रस्त्यावरच्या टॅक्सींचे हॉर्न आत यायचे. हॅरिसनने नंतर सांगितलंय की संध्याकाळी साडेपाचला ऑफिसं सुटली की लोक जिन्यावरून धडधडत उतरायचे आणि रेकॉर्डिंग थांबवावं लागायचं. मला हे फार आवडतं. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध बँडमधला माणूस, आणि तो थांबलाय कशासाठी, तर कारकुनांना लोकल पकडायची आहे म्हणून.

दुसरी अडचण मशीनची. मुंबईच्या स्टुडिओत तेव्हा फक्त मोनो रेकॉर्डिंग व्हायचं. हॅरिसनला स्टिरिओ हवं होतं. तेव्हा ग्रामोफोन कंपनीतले भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं स्टिरिओ मशीन रेल्वेने मुंबईला आणलं. हे वाचून मी नकाशा काढून बसलो. हावडा-मुंबई गाडी नागपूरमार्गे असेल तर वाटेत बडनेरा लागतं, मग मूर्तिजापूर. म्हणजे आमच्या शकुंतलेचं जंक्शन. ते मशीन त्या स्टेशनावरून गेलं असेल तेव्हा आबाजी कुठे होते, कोणास ठाऊक. जानेवारी म्हणजे लग्नसराईच की. (हा निव्वळ माझा कल्पनाविलास, इतिहास समजू नये. मेननसाहेब अलाहाबादमार्गेही आले असतील.)

हेच भास्कर मेनन पुढे अमेरिकेत कॅपिटॉल रेकॉर्ड्सचे प्रमुख झाले, आणि 'डार्क साइड ऑफ द मून' अमेरिकेत खपवण्याचं मोठं श्रेय त्यांना दिलं जातं. ते २०२१ साली गेले. म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉकच्या सगळ्यात गाजलेल्या रेकॉर्डमागे जो माणूस उभा होता, तोच पाच वर्षं आधी एक जड मशीन घेऊन आपल्याकडच्या आगगाडीत बसला होता. मित्रहो, आता तरी माझी रेकॉर्ड तुमच्या यादीत बसवा.

कलाकार जमवायला शंभू दास यांनी मदत केली. ते रविशंकरांचे शिष्य, स्वतः सतारिये. जमलेली मंडळी पाहा: सरोदवर आशिष खाँ, म्हणजे अली अकबर खाँसाहेबांचे चिरंजीव. संतूरवर शिवकुमार शर्मा. तबल्यावर शंकर घोष, पखवाजावर महापुरुष मिश्र. बासरीवर एस. आर. केंकरे. सूरबहारवर चंद्रशेखर. तारशहनाईवर विनायक व्होरा. आणि सनईवर आपले शरद आणि हनुमान.

यातली तारशहनाई फार मजेशीर आहे. नावात शहनाई असली तरी ती फुंकायची नसते. गजाने वाजवायचं तंतुवाद्य ते, पण त्याला जुन्या ग्रामोफोनसारखा पडदा आणि कर्णा बसवलेला असतो, म्हणून आवाज सनईसारखा रडका येतो. 'क्राइंग' नावाचा छोटासा तुकडा तिच्यावरच आहे आणि नाव अगदी सार्थ आहे. 'लव्ह सीन'मध्ये दोन सरोदांचा संवाद ऐकू येतो. दोन्ही आशिष खाँच आहेत. आधी एक वाजवून रेकॉर्ड केली, मग तीच ऐकत तिच्यावर दुसरी. स्वतःशीच जुगलबंदी! आशिष खाँही २०२४ साली गेले. शिवकुमारजी २०२२ साली, शंकर घोष २०१६ साली. हॅरिसन तर २००१ सालीच.

त्याच मुक्कामात हॅरिसनने आणखी एक काम उरकलं. 'द इनर लाइट' या गाण्याचा सगळा वाद्यमेळ याच स्टुडिओत रेकॉर्ड केला. शब्द चिनी 'ताओ ते चिंग' ग्रंथावर बेतलेले, वाद्यं आपली, आवाज नंतर लंडनला भरला. १५ मार्च १९६८ ला 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला हे गाणं आलं. बीटल्सच्या सिंगलवर हॅरिसनच्या गाण्याला जागा मिळाली ती पहिल्यांदाच, आणि ती मिळाली फोर्टात वाजवलेल्या गाण्याला. सिनेमा मे महिन्यात कानला दाखवला गेला आणि लोक विसरले. रेकॉर्ड १ नोव्हेंबर १९६८ ला आली. कोणाही बीटलची ती पहिली स्वतंत्र रेकॉर्ड, आणि बीटल्सच्या स्वतःच्या ॲपल कंपनीची पहिली एलपी.

एवढा सगळा इतिहास. पण मला वाचता वाचता दुसराच एक इतिहास दिसायला लागला, तो कव्हरवरच्या नावांचा.

बघा. १९६६ साली बीटल्सची 'रिव्हॉल्व्हर' आली. तिच्यात हॅरिसनच्या 'लव्ह यू टू' गाण्यात तबला आहे. वाजवणारे अनिल भागवत. त्यांचं नाव कव्हरवर आहे. मराठी आडनाव, बीटल्सच्या रेकॉर्डवर, ठळक. १९६७ साली 'सार्जंट पेपर' आली. तिच्यातल्या 'विदिन यू विदाउट यू'मध्ये दिलरुबा, तबला, तंबोरे आहेत. कव्हरवर जगातल्या नामवंतांच्या फोटोंची ही गर्दी, पण त्या वाजवणाऱ्यांची नावं नाहीत. ती नावं लोकांसमोर यायला पन्नासेक वर्षं गेली. दिलरुबावाल्यांत एक होते अण्णा जोशी. आणि १९६८ साली 'वंडरवॉल म्युझिक'. तिच्यावर नावं आहेत. स्पेलिंग चुकलेलं, पण आहेत.

आपल्याकडे तरी वेगळं काय होतं म्हणा. याच एचएमव्हीने १९६७ साली 'कॉल ऑफ द व्हॅली' काढली. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस, सकाळच्या रागापासून रात्रीपर्यंत. म्हणजे एक विषय घेऊन बांधलेली सलग रेकॉर्ड, आपल्याच मातीतली. निर्मिती जी. एन. जोशी यांची. हे तेच जोशी, ज्यांनी १९३२ च्या सुमारास मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची 'शीळ' गाऊन मराठी भावगीताची वाट पाडली. त्या रेकॉर्डबद्दल बोलताना सगळे शिवकुमार, हरिप्रसाद आणि ब्रिजभूषण काबरा ही तीन नावं घेतात. तबल्यावर माणिकराव पोपटकर होते, हे किती जणांना माहीत आहे? मलाही कव्हर वाचेपर्यंत नव्हतं. आणि हे तरी नशीबवान. आपल्या हिंदी-मराठी सिनेमांच्या जुन्या तबकड्यांवर गायक-संगीतकारांची नावं असतात. व्हायोलिनच्या रांगेत बसलेल्यांची, ढोलकीवाल्यांची नावं कोणी छापली?

हॅरिसनला मी देव मानत नाही. रेकॉर्डवर सगळ्या एकोणीस तुकड्यांचा रचनाकार म्हणून त्याचंच नाव आहे. ज्यांनी राग-संगीत ऐकलंय त्यांना कळेल की 'गत किरवाणी'सारख्या तुकड्यात वाजवणाऱ्याचा स्वतःचा वाटा किती असतो. पण त्याने नावं छापली. पंचवीस वर्षांच्या पोराने, १९६८ साली. ते कमी नाही. ती छापली नसती तर त्या दिवशी आबाजींनी "वाजवून कोन राह्यले?" विचारल्यावर माझ्याकडे उत्तरच नसतं.

आता त्या दिवाळीच्या शेवटाकडे.

भाऊबीजेच्या दिवशी आबाजींनी स्वतःहून पेटी उघडली. लाल फडकं सोडलं. सनईचं लाकूड काळं पडलं होतं, पितळी तोंडाला हिरवट डाग. पत्ती एका तपकिरीच्या डबीत जपून ठेवली होती. ती त्यांनी पाण्यात भिजवली, लावली, फुंकली. आवाज आला नाही. पुन्हा फुंकली. फक्त हवा. पत्ती वाळून चिरली होती आणि आबाजींचे पुढचे दात केव्हाच गेले होते. "ओठाले आधार पाह्यजे," ते म्हणाले, "दात नाही तं सूर नाही." आणि सनई परत गुंडाळली. चेहऱ्यावर दुःख वगैरे काही नव्हतं. आम्हालाच कसंसं झालं.

मी म्हटलं, आबाजी, पुढच्या खेपेला टेपरेकॉर्डर घेऊन येतो. तुम्ही नुसतं तोंडाने गाऊन दाखवा, काय वाजवायचे ते. नवरी निघताना काय, देवदर्शनाला काय. ते "बरं" म्हणाले. पुढच्या खेपेला मी टेपरेकॉर्डर विसरलो. त्याच्या पुढच्या खेपेला दोनच दिवसांची सुट्टी होती. त्याच्या पुढच्या खेपेला त्यांचा घसा बसला होता. २००६ च्या पावसाळ्यात आबाजी गेले.

यात कोणाची चूक म्हणायची? माझीच. एचएमव्हीने कलकत्त्याहून मशीन आणलं, मला पुण्याहून एक टेपरेकॉर्डर आणता आला नाही.

घर आवरताना बाबांना एक वही सापडली. बाबा शाळेत असताना आबाजी त्यांना हिशेब सांगायचे आणि बाबा पेन्सिलीने लिहायचे. कोणाचं लग्न, गाव कोणतं, इसार किती, बिदागी किती, धान्य किती, डफडेवाल्यांना किती दिले. सूर धरणाऱ्याचं नाव पानोपानी आहे. नवरदेवांच्या बापांची नावं आहेत. एका पानावर 'लुगडं मिळालं' असंही आहे. आबाजींचं नाव मात्र पूर्ण वहीत एकदाही नाही. कारण साधं आहे. वही त्यांचीच होती. स्वतःचं नाव कोण लिहितं?

मी आजही ही रेकॉर्ड वर्षातून दोन-तीनदा पूर्ण ऐकतो. २०१४ साली ती पुन्हा स्वच्छ करून निघाली, ती प्रत आता माझ्याकडे आहे. 'ड्रीम सीन' मला अजून थक्क करतो, त्यात उलटे वाजवलेले आवाज, गाणारे गळे, सगळं एकमेकांत विरघळतं. 'स्की-इंग'मधली क्लॅप्टनची गिटार तर भन्नाटच. पण सुरुवात झाली की मी पहिल्यांदा दोन सनया वेगळ्या करायचा प्रयत्न करतो. एक सूर धरून, दुसरी खेळून. आबाजींनी सांगितलं नसतं तर मला आजवर ती एकच सनई वाटली असती.

आता नातेवाइकांना एक विनंती, आणि खरं तर त्यासाठीच एवढं लांबण लावलं. बाबांच्या वहीतल्या शेवटच्या नोंदी १९७४-७५ च्या आहेत. पण मावशी म्हणते की आबाजींनी त्यानंतरही एकदा वाजवलं होतं, एका पुतणीच्या लग्नात, सगळ्यांनी फार आग्रह केला म्हणून. तेव्हा कोणाच्या तरी हातात कॅसेटचा टेपरेकॉर्डर होता असंही तिला आठवतं. लग्न दारव्ह्याला की दिग्रसला, यावर तिचं आणि काकूचं एकमत नाही.

तर दारव्हा, दिग्रस, पुसद, आर्णी, कारंजा, जिथे कुठे आपली माणसं आहेत त्यांनी माळे, ट्रंका, कपाटांच्या वरचे खोके एकदा बघावेत. जुन्या कॅसेटी असतील तर भंगारवाल्याला देऊ नका. वर भजनं लिहिलेली असली तरी देऊ नका, आपल्याकडे लग्नाच्या कॅसेटवर भजनं भरायची पद्धत आहे. बुरशी लागलेली असली तरी चालेल, ती साफ करणारा माणूस मी शोधून ठेवला आहे.

आणि सापडली तर खोक्यावर वाजवणाऱ्यांची नावं लिहून पाठवा. सूर धरणाऱ्याचं, डफडेवाल्यांचं सुद्धा. स्पेलिंग चुकलं तरी चालेल.